बाईसाहेबांचा बुरखा

३ मार्च, सकाळी
आजपासून रोजनिशी. पुढे कोणी विचारलं तर नोंद असावी. या बाईचा बुरखा कोणीतरी फाडला पाहिजे आणि तो मीच फाडणार, हे आज दात घासताना नक्की झालं.

बाई म्हणजे ती गायिका. चाहते तिला राणी म्हणतात. मी बाईसाहेब म्हणतो, म्हणजे टोमणा लागतो. काल भरलेल्या स्टेडियमसमोर म्हणाली, "माझ्या गे मुलांनो, मी तुमच्या पाठीशी आहे." स्टेडियम रडलं. आमच्या घरातही एकजण सोफ्यावर बसून रडला.

तो म्हणजे कोच. पोहायला शिकवतो म्हणून कोच. आम्ही दोघं नऊ वर्षं एका घरात, एका पलंगावर आणि एका गॅस कनेक्शनवर आहोत. मी त्याला शांतपणे विचारलं, पाठीशी म्हणजे नक्की कुठे? पाठीमागे उभं राहून पुढचा मार कोण खाणार? तो म्हणाला, टॉवेल दे.

भावनेच्या भरात माणूस मुद्द्याला भिडत नाही.

५ मार्च
तिच्या चाहत्यांच्या फोरमवर खातं उघडलं. नाव घेतलं 'निर्भय'. खरं नाव टाकलं नाही. लढाईत व्यक्ती महत्त्वाची नसते. शिवाय ऑफिसातलं कोणी वाचलं तर उगाच विषय वाढतो.

पहिली पोस्ट टाकली: शाम्पू. बाईसाहेब ज्या शाम्पूची जाहिरात करतात त्याची बाटली वर्षातून एक महिना सप्तरंगी होते. बाकीचे अकरा महिने आम्ही काय टक्कल करून फिरायचं? हे वाक्य मला फार आवडलं. कोचला वाचून दाखवलं. तो म्हणाला, तुला तसंही शाम्पू लागत नाही.

लाइक चार. त्यातला एक माझा.

८ मार्च
ऑफिसात भलताच प्रसंग.

मी लिफ्ट दुरुस्ती कंपनीच्या तक्रार केंद्रात आहे. लोक लिफ्टमध्ये अडकले की आतलं लाल बटण दाबतात, फोन मला लागतो. आमच्या सुपरवायझर बाई समोरच्या टेबलावर बसतात. प्रेमळ आहेत, पण चौकशा फार. काही वर्षांपूर्वी त्यांनी मला आणि कोचला बाजारात एकच ट्रॉली ढकलताना पाहिलं होतं. कोण, असं त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मामेभाऊ. माझ्या आईला भाऊच नाही. पण ते बाईंना काय माहीत.

आज मी डबा विसरलो म्हणून कोच तो द्यायला आला. बाईंशी दोन मिनिटं बोलला, त्यांच्या गुडघ्यासाठी पाण्यातला एक व्यायाम सांगितला आणि गेला. बाई विरघळल्या. म्हणाल्या, काय हो शांत मुलगा! अजून लग्न कसं नाही? माझी भाची दातांची डॉक्टर आहे, तीही राहिलीच आहे.

मी स्पष्ट सांगणारच होतो. तोंड उघडलंही होतं. इतक्यात फोन वाजला, कोणीतरी तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये. कर्तव्य आधी. फोन ठेवेपर्यंत बाईंनी माझ्या गप्प बसण्याचा अर्थ होकार असा लावून भाचीच्या आईला मेसेजही केला होता.

सोमवारी सांगतो.

११ मार्च
घबाड हाती लागलं! गेल्या वर्षी परदेशातल्या एका शहरात आयोजकांनी डोळे वटारले, तर बाईसाहेबांनी गळ्यातला सप्तरंगी स्कार्फ काढून ठेवला आणि सगळा कार्यक्रम आमच्याबद्दल चकार शब्द न काढता उरकला. फोटो आहे. मान मोकळी.

दणकून पोस्ट टाकली: "जिथे टाळ्या मिळतात तिथे तोंड उघडायचं आणि जिथे किंमत मोजावी लागते तिथे घसा बसायचा. याला पाठिंबा म्हणत नाहीत, याला भित्रेपणा म्हणतात." प्रतिक्रियांचा पाऊस. दोघांनी मला आई-बहिणीवरून शिव्या दिल्या. म्हणजे बाण लागला.

सोमवार होता, पण सुपरवायझर बाईंना सांगायचं राहिलं. त्या भेटल्या भेटल्या फोटो मागू लागल्या. नाही म्हटलं असतं तर संशय आला असता. समुद्रावरचा आमचा फोटो दिला, त्यातून मला कापून. कोच छान हसतोय त्यात. फक्त त्याच्या खांद्यावर माझा हात राहिला. बाईंनी चष्मा वर करून विचारलं, हा हात कोणाचा? म्हटलं, मित्राचा.

१४ मार्च
फोरमवर एक आई उगवली आहे. सगळे तिला काकू म्हणतात. लिहिते की तिचा मुलगा सोळा वर्षांचा असताना जेवायचा नाही, बोलायचा नाही. एकदा टीव्हीवर बाईसाहेबांचा कार्यक्रम लागला होता, त्या तेच ते 'पाठीशी आहे' म्हणाल्या आणि मुलगा पडद्याकडे बघतच म्हणाला, आई, ही माझ्याबद्दल बोलतेय. पुढे काकू लिहितात: "ती बाई मनापासून बोलली की शाम्पूवाल्यांनी लिहून दिलेलं बोलली, हे मला ठाऊक नाही. पण माझ्या मुलाला त्या दिवशी वाक्य सापडलं. मला ते त्याच्यासाठी सुचलं नव्हतं."

खाली शेकडो बदाम.

मी सविस्तर उत्तर दिलं. व्यक्तिगत अनुभव हा पुरावा नव्हे, वगैरे. उत्तर इतकं मुद्देसूद होतं की कोणीच काही बोललं नाही.

१७ मार्च
घरात भांडण. कोचने बाईसाहेबांच्या इथल्या कार्यक्रमाची दोन तिकिटं काढली, मला न विचारता. मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे, मी त्या बाजारात पाय ठेवणार नाही.

मग त्याने मला काही सांगितलं. एकोणिसाव्या वर्षी त्याला वडिलांनी घराबाहेर काढलं, हे मला माहीत होतं. त्यानंतर तो काही आठवडे तलावाच्या कपडे बदलायच्या खोलीत झोपायचा, हेही माहीत होतं. तिथे रेडिओवर तिचं एक गाणं रोज लागायचं, हे माहीत नव्हतं. म्हणाला, गाणं फालतूच आहे. पण तेवढी तीन मिनिटं कोणीतरी आपल्याला हाकलत नाहीये असं वाटायचं.

मला गलबलून आलं. पण भावनेला वाव दिला नाही. विचारलं, त्या गाण्याची रॉयल्टी कोणाला गेली?

तो उठून दुसऱ्या खोलीत गेला. मुद्दा बिनतोड होता.

१९ मार्च, दुपारी
एक बाई लिफ्टमध्ये अडकली. फार रडत होती. आमच्याकडे कार्डावर छापलेली वाक्यं आहेत, ती वाचली: "घाबरू नका. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. दार उघडेपर्यंत मी फोन ठेवणार नाही." हळूहळू शांत झाली. मध्येच विचारलं, तुम्ही आहात ना? मी त्या वेळी काकूंना दुसरं उत्तर टाइप करत होतो. म्हटलं, आहे ना, आहे. सुटल्यावर तिने खूप आभार मानले. म्हणाली, तुमचा आवाज नसता तर मी वेडी झाले असते.

आमचं काम वेगळं. त्याची तुलना कशाशीच करता येणार नाही.

२१ मार्च
सुपरवायझर बाईंनी रविवारी कॉफीचं ठरवून टाकलं. त्या, भाची आणि 'तुमचा मामेभाऊ'. मी आज नक्की सांगणार होतो. पण आज त्यांचा वाढदिवस निघाला. वाढदिवसाच्या दिवशी माणसाचा हिरमोड करू नये, एवढी माणुसकी माझ्यात आहे.

नवी योजना: कोचला तिथे पाठवायचं, पण कारण दुसरं सांगायचं. भाचीला पाण्याची भीती आहे, पोहायला शिकायचंय, जरा भेटून धीर दे. तो जाईल, पाण्याबद्दल बोलेल. भाचीला कंटाळा येईल, ती नकार देईल. कोणाचंच मन दुखावणार नाही. इतकी सुटसुटीत योजना मला पूर्वी सुचली नव्हती.

२३ मार्च
कोचला सांगितलं. लगेच हो म्हणाला. म्हणाला, भीती असलेल्यांना शिकवायला मला आवडतं. अबोलाही सोडला. माझ्या ऑफिसच्या माणसांशी मी आपणहून गाठ घालून देतोय, याचा त्याला आनंद झालेला दिसला. निळा शर्ट इस्त्री केला.

फोरमवर काकूंनी धक्का दिला. लिहिलंय, "निर्भय, तुमचं स्कार्फवालं म्हणणं मला पटलं. तिला जाब विचारायलाच हवा. आपण कार्यक्रमाच्या गेटवर उभे राहू, फलक धरू, 'प्रत्येक शहरात बोला' असा. माझा मुलगा येतोय. तुम्ही या, तुम्हीच पुढे उभे राहा."

विचार करून कळवतो म्हटलं. गेटवर कॅमेरे असतात.

२४ मार्च, रविवार
कोच कॉफीला गेला. मी घरी 'धैर्य म्हणजे काय' या विषयावर मोठा लेख लिहायला घेतला. शेवटचा परिच्छेद चालू असताना तो परत आला. लवकर आला. बूट न काढता आत आला.

झालं ते असं. भाचीने विचारलं, तुमच्या अपेक्षा काय? कोच म्हणाला, फार नाही, पहिल्या दिवशी फक्त श्वास सोडायला जमला पाहिजे. भाची गोंधळली. कोच धीर देत म्हणाला, मी पाठीखाली हात धरून ठेवतो, हळूहळू काढतो. सुपरवायझर बाईंच्या हातातला चमचा खाली पडला. मग सगळ्यांनी एकमेकांना विचारलं की आपण इथे नक्की कशासाठी आलोय. बाईंनी फोनमधला फोटो दाखवला. समुद्रावरचा.

कोचने त्यांना तिथेच सांगितलं. मी मामेभाऊ नाही. आम्ही नऊ वर्षं एकत्र आहोत. तो हात त्याचा आहे.

भाची आधी लालबुंद झाली, मग म्हणाली, निदान तुम्ही तरी सांगितलंत. त्याने तिला कार्यक्रमाचं दुसरं तिकीट देऊन टाकलं.

मी म्हटलं, तू मला न विचारता माझ्या ऑफिसात सांगितलंस? हा माझ्या खासगीपणाचा भंग आहे.

त्याने बूट काढले. मग म्हणाला, "ती बाई भरल्या स्टेडियमसमोर बोलते. खोटं बोलत असेल, पैशासाठी बोलत असेल. तुला एका बाईसमोर खरं बोलता येईना. आणि मला तू निळा शर्ट घालून दुसऱ्या कोणाला दाखवायला पाठवलंस."

मी म्हटलं, तुलना चुकीची आहे. बाईसाहेब सेलिब्रिटी आहेत, त्यांची जबाबदारी जास्त.

लेखाचा शेवटचा परिच्छेद अर्धाच राहिला.

२५ मार्च
सुपरवायझर बाई सकाळपासून बोलल्या नाहीत. मला वाटलं, जुन्या वळणाच्या आहेत, पचायला वेळ लागेल. मनातून त्यांना क्षमा केली.

दुपारी चहाच्या मशिनपाशी आल्या. म्हणाल्या, "तुम्ही कोणाबरोबर राहता याचा मला काडीचाही राग नाही. माझी भाची दोन आठवडे तो फोटो बघत होती. घरी सगळ्यांना दाखवला तिने. तुम्हाला तोंड नव्हतं का?" डोळ्यांत पाणी होतं. मी उत्तर देणार होतो. फोन वाजला नाही. तरी मी जागेवर जाऊन बसलो.

२९ मार्च
कार्यक्रमाचा दिवस. काकूंना कळवलं की येऊ शकत नाही, घसा बसलाय. खरोखर खवखवत होता. त्यांनी लिहिलं, काळजी घ्या, तुमचं वाक्य फलकावर तुमच्या नावासकट लिहिलंय. संध्याकाळच्या बातम्यांत गेट दिसलं. काकू ठेंगण्या आहेत. मुलगा उंच आहे. फलकावर मोठ्या अक्षरांत होतं: 'जिथे किंमत मोजावी लागते तिथेही बोला — निर्भय.'

रिपोर्टरने विचारलं, निर्भय कोण? काकू म्हणाल्या, आजारी आहेत, नाहीतर सगळ्यांत पुढे तेच असते.

मी आवाज बंद केला.

३० मार्च, सकाळी
कोच चहा पीत होता. मी सहज विचारलं, मग? बोलल्या का तुमच्या राणीसाहेब?

म्हणाला, बोलली. दोनच वाक्यं, कागदावरून वाचल्यासारखी. स्कार्फ होता. शाम्पूची मोठी जाहिरातही होती. शेजारी पन्नाशीचा एक गृहस्थ एकटाच आला होता, तो ओक्साबोक्शी रडला, तर भाचीने त्याला आपला रुमाल दिला.

मी म्हटलं, बघ! कागदावरून! मी काय सांगत होतो?

तो म्हणाला, "तू जिंकलास. ती खोटी असेलही. ती माझी कोणी लागत नाही रे. तू लागतोस."

मग कप धुतला, पालथा घातला आणि बॅग भरायला घेतली. बहिणीकडे जातोय म्हणाला. किती दिवस, विचारलं. तू कोणालातरी माझं नाव सांगशील तेव्हा कळव, म्हणाला.

दमला आहे. तलावावर सध्या बॅचेस जास्त आहेत.

१ एप्रिल
निर्धार. ऑफिसात सगळ्यांसमोर सांगायचं. आरशासमोर तालीम केली: "माझा जोडीदार पोहण्याचा कोच आहे." वाक्य छोटं आहे. आवाज भारदस्त लागतो. तिसऱ्या वेळी तर मलाच भरून आलं. फक्त योग्य वेळ साधली पाहिजे, आपण होऊन विषय काढला तर ते प्रदर्शन वाटतं. कोणीतरी विचारलं पाहिजे.

फोरमवरचा 'धैर्य म्हणजे काय' लेख पूर्ण करून टाकला. काकूंनी लिहिलं, सुंदर, पण तुम्ही बरे झालात का?

४ एप्रिल
विचारलं!

ऑफिसात नवीन मुलगी लागली आहे, शेजारच्या टेबलावर. जेवताना सगळे होते. तिने डबा उघडत अगदी सहज विचारलं, सर, तुमच्या घरी कोण कोण असतं?

सगळे खायचे थांबले. निदान मला तसं वाटलं. सुपरवायझर बाईंनी चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. शिक्षिका पहिल्यांदाच हात वर केलेल्या मुलाकडे बघते तसं पाहिलं. किंचित मान हलवली, जणू म्हणाल्या, बोला.

फोन वाजत नव्हते. कोणाचा वाढदिवस नव्हता. घसा उत्तम होता.

म्हटलं, "कोणी नाही. एकटाच असतो."

बाईंनी चमचा उचलला.

मुलगी म्हणाली, बरंय की मग, शांतता. म्हटलं, हो, शांतता भरपूर.

खोटं बोललो असं कोणी म्हणू शकत नाही. संध्याकाळी घरी आल्यावर सगळ्या खोल्या पाहिल्या. अक्षरशः खरं आहे.