अर्ध्यावर थांबलेली ओळ

अहो,

तुम्ही होतात तोवर कधी तुमचं नाव घेतलं नाही, आणि पत्राची तर वेळच आली नाही. एका घरात राहणाऱ्यांनी कसली पत्रं लिहायची? आज लिहितेय, कारण काल तुमची गाणारी मंडळी घरी आली होती. ओट्यावर बसली, चहा प्याली. शेवटी तुमच्या भावानं, भिकू भावजींनी, तोंड उघडलं. "वयनी, नगरवाले परत गान्याला बोलावत्यात. पर म्होरं कोन ऱ्हाईल? दादा काय बोलले हुते का?"

काय सांगू मी? तुम्ही काही न सांगताच गेलात. ही काय रीत झाली?

मग तो मागचा नगरचा कार्यक्रम डोळ्यांपुढे आला. त्या साली पाऊस नव्हता, ज्वारी नव्हती, मग सोंगणी कुठली आणि पीक कापताना म्हणायची भलरी कुठली! सगळे गडी दुष्काळी कामावर खडी फोडत होते. तेव्हा शाळेतल्या गुरुजींच्या मनात आलं, की शेतात, मोटेवर माणसं मिळून कशी गातात ते शहरातल्या लोकांना ऐकवायचं. तुम्ही लगेच फेटा झटकलात. खडीच्या धुळीनं छाती भरलेली, गाणं बंद करा म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं. मी आठवण दिली तर काय म्हणालात? "डाक्टरला कुठं भलरी म्हनायचीय?" बोलण्यात तुम्हाला कोण हरवणार!

पहिली दोन गाणी झाली. मी बायकांत बसून तुमचे श्वास मोजत होते. मग भलरीला तुम्ही कानावर हात ठेवलात.

दुसऱ्याच ओळीला आवाज गेला. ओळ अर्ध्यावर. तुमचं तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताठ, आणि आवाज नाही!

मागे सगळे झीलकरी, तुमच्या मागून ओळ धरणारे, रांगेत उभे. भिकू भावजींना ती ओळ झोपेतसुद्धा म्हणता आली असती. पण पुढच्याची ओळ पुरी झाल्याशिवाय झील धरायची नाही, त्याच्या तोंडातली ओळ काढून घ्यायची नाही, हा आपल्या गावचा शिरस्ता. अहो, शिरस्ता मोठा का माणूस मोठा? डोळ्यांदेखत माणूस गुदमरतोय आणि हे बाप्ये मान राखत उभे!

ओळ माझ्याही ओठांवर होती. दर सोंगणीला तुमच्या पाठोपाठ पेंढ्या मीच बांधायची ना? पण बाईनं भर सभेत आवाज काढायचा कसा! पदर तोंडात धरून बसले. मागून कोणीतरी शिट्टी मारली. गुरुजींनी पडद्याच्या दोरीला हात घातला.

तुम्ही वळून हातानं खुणावलंत, घ्या रे, घ्या. कोणी घेईना. भावजी तर चक्क खाली बघायला लागले.

आणि तुम्ही जागाच सोडलीत. सगळ्यांसमोरून चालत गेलात आणि रांगेच्या पार शेवटी, शेजारच्याच्या खांद्यावर हात टेकून उभे राहिलात. आता पुढे कोणीच नाही, मग मान राखायचा कोणाचा? त्यांची पंचाईत झाली. कोणी एकानं नाही, सगळ्यांनीच एकदम ओळ उचलली. अशी उचलली की बाकं हादरली! लोकांना वाटलं, हे असंच बसवलेलं आहे. काय त्या टाळ्या! मी मात्र तुमची छाती वरखाली होतेय ना, एवढंच बघत होते.

येताना एस.टी.त तुम्ही हळूच म्हणालात, "येसू, मागं हुबं ऱ्हायलं की लई ग्वाड ऐकू येतं गं. इतकी वरसं मला म्हाईतच न्हवतं."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. राग आला होता तुमचा. अजूनही थोडा आहे. पण तेव्हा मी एक शब्द बोलले असते तर काय बिघडलं असतं?

काल मंडळींनी बेत सांगितला. पुढची जागा रिकामी ठेवायची, तिथं पाटावर तुमचा फेटा ठेवायचा, आणि सगळ्यांनी मागून म्हणायचं. माझं टाळकंच फिरलं. म्हटलं, "देव्हारा मांडताय का काय? ते आपल्या पायानं जागा सोडून मागं गेले, ते काय ती रिकामी ठेवायला? भिकू भावजी पुढं उभे राहतील."

भावजींच्या डोळ्यांत पाणी आलं. "वयनी, आन् माजा दम मोडला तर?"

मी चहाच्या कपबशा उचलून आत आले. त्यांना उत्तर दिलं नाही. ते आधी तुम्हाला देते.

त्यांचा दम मोडला, तर मी कोणाची वाट बघणार नाही. बायकांत बसलेली असेन, तिथूनच उठेन आणि ओळ पुरी करीन. गावाला काय म्हणायचं ते म्हणू दे. तुम्हाला रागवायचं असेल तर खुशाल रागवा, मी म्हणणारच.

तुमची,
येसू