केळ्याचा आळ

प्रिय दादा,

पत्र घरी न येता तुझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पत्त्यावर कसं आलं, असं तुला वाटलं असेल. घरी तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि टपाल आधी आईच्या हातात पडतं. गाडीत फोन करावा तर तुझ्या शेजारी कुणीतरी घामाघूम शिकाऊ बसलेला असतो. मी काही सांगत असते आणि तू मध्येच क्लच, क्लच म्हणून ओरडतोस. म्हणून हे पत्र. शेवटचा शिकाऊ घरी गेला की शटर अर्धं ओढून घे आणि निवांत वाच. घाबरण्यासारखं काही नाही हे आधीच सांगते, म्हणजे तू शेवटचं पान आधी उघडणार नाहीस. तरी उघडशीलच म्हणा.

पहिल्यांदा तुझ्यावरचा एक आळ मागे घेते. केळ्याचा. तू आणि वहिनी इथे आला होतात तेव्हा मी तुम्हा दोघांना उपाशीपोटी आमच्या प्रयोगशाळेत ओढत नेलं होतं, आठवतं ना? थायरॉइडच्या गाठींवर आमचं काम चालू आहे, हे तुला तेव्हा सांगितलं होतं. पण तुझं सगळं लक्ष सुईकडे होतं, म्हणून पुन्हा सांगते. गळ्यात अशी गाठ पुष्कळांना असते आणि बहुतेकांची निरुपद्रवी असते. थोड्यांची कॅन्सरची निघते. कुठली कसली हे कळावं म्हणून बारीक सुईने गाठीतल्या चार पेशी काढून बघतात, आणि काही जणांच्या बाबतीत ती सुईच हात वर करते. सांगता येत नाही, म्हणते. मग कापून बघायचं. आमचं म्हणणं असं, की गाठ वाईट असेल तर तिचं खाणंपिणंही वेगळं असणार. पेशी जे खातात आणि जे टाकतात त्याचे अंश रक्तात उतरतात. काही आम्लं, काही चरबीचे कण. स्वयंपाकघरात न डोकावता खरकट्यावरून घरात काय शिजलं ते ओळखायचं, इतकंच आमचं काम. त्यासाठी आजारी माणसांचं रक्त लागतं तसं धडधाकट माणसांचंही लागतं. आजारी माणसं बिचारी हो म्हणतात. धडधाकट माणूस सुई म्हटली की नेमका त्याच दिवशी बाहेरगावी जातो. शेवटी आम्ही आपापले नातेवाईक धरून आणले, आणि तेही पुरेनात तेव्हा स्वतःच्या बाह्या वर केल्या.

तू डोळे घट्ट मिटून रक्त दिलंस आणि नर्सला सांगितलंस, की सवय आहे, माझी बहीण लहानपणापासून माझं रक्त पीत आली आहे. संध्याकाळी वहिनीने चुगली केली की तू गाडीतच एक केळं खाल्लं होतंस. त्यावर केळं म्हणजे काही खाणं नव्हे, असा तुझा निकाल. मी तेव्हा हसले, पण ते केळं माझ्या डोक्यात राहिलं.

आमच्याकडे रक्ताच्या नळीवर नाव नसतं, नुसता आकडा असतो. कुठला आकडा कुणाचा हे फक्त दुसऱ्या इमारतीतल्या एका डॉक्टरांना माहीत असतं. म्हणजे आपल्या माणसाचं रक्त बघून कुणाचा हात थरथरायला नको. यंत्रातून सगळं मोजून झालं की पडद्यावर एक चित्र येतं. प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका. धडधाकट हिरवे, साध्या गाठीचे पिवळे, कॅन्सरचे लाल. पहिल्यांदा ते चित्र आलं तेव्हा लाल ठिपके चक्क एका बाजूला गोळा झाले होते. आमच्या प्रमुख बाई, ज्या कौतुकसुद्धा घड्याळ बघत करतात, त्या खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. मग त्यांनीच बोट दाखवलं. लाल ठिपक्यांच्या मधोमध एक हिरवा ठिपका, दुसऱ्याच्या लग्नात जेवायला बसलेल्या माणसासारखा.

मी लगेच म्हटलं, हा माझा भाऊ. याने केळं खाल्लं होतं. सगळे इतके हसले की त्या दिवसापासून तुझं नाव आमच्याकडे केळेवाले पडलं आहे. आकडेमोड सांभाळणारा सहकारी म्हणाला, काढून टाकू तो ठिपका, चित्र स्वच्छ होईल. बाईंनी ऐकलं नाही. आपल्याला आवडला नाही म्हणून ठिपका काढायचा नसतो, म्हणाल्या; फ्रीझरमधली दुसरी नळी काढा आणि पुन्हा मोजा. पुन्हा मोजलं. ठिपका जिथल्या तिथे.

आणि मग माझं हसणं थांबलं. एका केळ्याने रक्त इतकं बदलत नाही, हे मला कळत होतं. म्हणजे केळं नसेल तर काय असेल? त्या आठवड्यात मी तुला दोनदा व्हिडिओ कॉल केला आणि हनुवटी वर कर, दिवा नीट पडत नाहीये असं म्हणत राहिले. तुला वाटलं मी तुला जाड झालास असं सुचवतेय, आणि तू रुसलास. मी तुझा गळा बघत होते रे. तू बडबडत होतास आणि मी त्यातलं काहीच ऐकत नव्हते.

गळा म्हटलं की मला आईचा आठवतो. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून तिने एक हाक मारली की मैदानातले सगळेच खेळ थांबायचे, ज्यांची ती आई नव्हती तेही घाबरायचे. शाळेत कवायत शिकवताना तिला कधी शिट्टी लागली नाही. मग तिला ती गाठ झाली, सुई म्हणाली सांगता येत नाही, म्हणून अर्धी ग्रंथी काढली, आणि गाठ निरुपद्रवी निघाली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पण आवाजाची नस दुखावली होती. आई घरी आली ती घोगऱ्या, कुजबुजत्या आवाजाने, आणि खिडकीतून टाळ्या वाजवायला लागली. दोन टाळ्या म्हणजे जेवायला या, तीन म्हणजे आता वर या, मग बघते. तिने कधी कुरकुर केली नाही. शाळा सोडली तेव्हाही पायांचं कारण सांगितलं. ती गाठ कापायची गरजच नव्हती, हे रक्ताच्या थेंबावरून कळलं असतं तर, एवढ्या एका विचारापायी मी या कामात पडले. हे मी तिला कधीच सांगितलेलं नाही.

तर बाईंनी रीतसर परवानगी काढली आणि त्या डॉक्टरांनी तो आकडा उघडला. नियमच आहे, असं काही आढळलं की त्या माणसाला सांगायचं. डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं, दार लावलं, पाण्याचा ग्लास पुढे केला. मी म्हटलं, मला माहीत आहे कोण ते, फक्त त्याला कसं सांगू ते सांगा, तो सुईला फार घाबरतो. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. तुझा ठिपका हिरव्यांच्या अगदी पोटात होता, दादा, केळ्यासकट. तो चुकीच्या जागी बसलेला ठिपका माझा होता. चोर सोडून संन्याशाला फाशी देत होते मी इतके दिवस.

पुढचं भराभर सांगते. सोनोग्राफीत डाव्या बाजूला एक छोटी गाठ दिसली. बसमध्ये समोरच्या बाईचा गळा न्याहाळणारी मी, स्वतःच्या गळ्यावरून रोज साबणाचा हात फिरवत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. या वेळी सुईने हात वर केले नाहीत. कॅन्सरच आहे, म्हणाली. पहिले दोन दिवस मी रडले, खोटं कशाला सांगू. पण सर्जन म्हणाले, हा सावकाश चालणारा प्रकार आहे, गाठ ग्रंथीच्या आतच आहे, लहान आहे. अर्धी ग्रंथी काढली की बहुतेक माणसं ठणठणीत बरी होतात आणि म्हातारी होऊन नातवंडांवर ओरडतात. मी त्यांच्यावर विश्वास ठेवलाय. बाईंनी मात्र मला हवेत जाऊ दिलं नाही. एका ठिपक्यावरून काही सिद्ध होत नाही, कावळा बसायला आणि फांदी तुटायलाही गाठ पडते, म्हणाल्या. अजून खूप माणसांचं रक्त लागेल, वर्षं जातील. बरोबरच आहे त्यांचं. पण एवढं बोलून त्या दाराशी थांबल्या आणि मला म्हणाल्या, मी तो ठिपका काढू दिला नाही ते बरंच झालं. या वेळी त्यांनी घड्याळ बघितलं नाही.

पुढच्या महिन्यात पहिल्या सोमवारी ऑपरेशन आहे. आता पत्र का लिहिलं ते. हे आईला तू सांगायचंस. फोनवर मी बोलायला लागले तर रडेन, आणि ती माझं रडणं आधी ऐकेल, बाकीचं ऐकणारच नाही. तिच्याजवळ बस, लहान आहे आणि लवकर सापडली आहे हे आधी सांग, नाव नंतर घे. मी हे काम कुणामुळे धरलं तेही सांग. तिच्यामुळेच ती गाठ सापडली, असं माझं ठाम मत आहे, बाई काही म्हणोत. आणि तिला घेऊन ये. सर्जन म्हणतात आवाजाची नस नीट जपतील, आणि तुला शिव्या घालण्याइतका आवाज मला राहीलच. पण शुद्धीवर येताना उशाशी ती हवी. पहिले काही दिवस आवाज फुटला नाही, तर टाळ्या कशा वाजवायच्या ते मला तिच्याशिवाय कोण शिकवणार?

येताना गाडीत हवी तेवढी केळी खा.

तुझीच,
कटकट