नमुना क्र. ४१, हात

मंगळवार, १६ ऑक्टोबर १९५६
शाळेतून थेट फूलबागेजवळच्या दफ्तरात. नानांचे कागद भोपाळला जाणार. संस्थानच्या काळात काढलेले इमारतींचे नकाशे, पुतळ्यांची कच्ची चित्रं, शिवाय प्लास्टरचे नमुने. नवं राज्य होतंय, तिथल्या संग्रहात ठेवणार. यादी हिंदीत हवी आणि नानांच्या टिपा मोडीत, म्हणून त्यांची मुलगी हवी. कारकून सक्सेना बाबू. "बहनजी, आपके पिताजी तो देवता थे." मी पेन्सिलीला टोक करत राहिले.

गुरुवार, १८
नमुना क्र. ४१. पेटीतलं गवत बाजूला केलं. आईचा हात.
सक्सेना बाबू खूश. "देखिए, चूड़ी का निशान तक उतारा है."
उतारलेला नाही, रुतलेला आहे. मी सात वर्षांची होते, तापाने फणफणलेली. आई माझ्यापाशी बसली आणि मातीच्या पुतळ्यावरचं फडकं ओलं करायचं राहिलं. माती वाळली, चेहऱ्याला तडा गेला. नानांनी नकाशे आखायचा लाकडी टी-स्क्वेअर उचलला. आईच्या मनगटावर दोनच घाव. दुसऱ्याचा आवाज अजून येतो. डॉक्टरला बोलावलं नाही, बोभाटा झाला असता. प्लास्टर घरात होतंच. तेल लावून सुजल्या मनगटावर त्यांनीच चढवलं. महिन्याभराने कापून काढलं, तोच साचा धरला, आणि त्यात हा हात ओतला. बोटं मागाहून घडवली. बोटं फार सुंदर आहेत, हेच सहन होत नाही.
'विवरण' या रकान्यात बाबू म्हणाले लिहा, "स्त्री का हाथ, अध्ययन." लिहिलं नाही. रकाना कोरा.

शनिवार, २०
दादाला सांगितलं, रकान्यात खरं तेच लिहिणार. तो बांधकाम खात्यात ओव्हरसियर, बदली भोपाळलाच. नानांच्या नावावर तिथे मान मिळेल अशी आस. म्हणाला, "दिमाग फिरलंय का तुझं? झाकली मूठ सव्वा लाखाची."
मी म्हटलं, मूठ झाकलेली नाही, मोडलेली आहे.
थोबाडीत बसली. ओठ फुटला. आई चुलीपुढे, डाव्या हाताने पोळी उलटत, सगळं पाहत होती. मला त्याचं डोकं पाट्यावर आपटावंसं वाटलं. अगदी खरं लिहिते आहे.

मंगळवार, २३
बाड्यावर, भर चौकात, दगडफेक. "दफ़्तर नहीं जाएगा" म्हणत पोरं भोपाळला निघालेल्या पहिल्या ट्रकपुढे आडवी पडली, मग पोलिसांच्या लाठ्या. सराफ्याच्या तोंडाशी एक माणूस डोकं धरून बसलेला, धोतर लाल. मनात आलं, आमचा ट्रक निघेल तेव्हा पेटवा एकदाचा, नानांसकट.
वर्गात सुशीलाने नकाशावर शाई सांडली. मी पट्टी उचलली, उभी धरली आणि तिच्या बोटांच्या सांध्यांवर मारली. पोर रडली नाही. हात पोटाशी धरून माझ्याकडे नुसती बघत राहिली. खाण तशी माती. उद्या तिच्या घरी जायचं, माफी मागायची.

बुधवार, २४
गेले नाही.

सोमवार, २९
सकाळी आई म्हणाली, "मला ने तिथे." त्या हाताचं तिला कसं कळलं विचारलं, तर म्हणे, घरात भिंती आहेत का? दादाशी बोललीस ते ऐकलं.
टांग्याने गेलो. मी पिशवीत नानांची हातोडी घेतली होती. आईने ४१ उचलला. वाटलं, सोडणार. तिने तो टेबलावर ठेवला आणि शेजारी आपला हात ठेवला. तोच बाक. सक्सेना बाबूंनी एका हाताकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं आणि हळूच खाली बसले.
हातोडी काढून विचारलं, "आई, फोडू?"
"ठेव ती. फुटला तर मानेल कोण?"
मग तिनेच गवतात घट्ट गुंडाळला, सुतळीची गाठ दातांनी ओढली. इतकी वर्षं मला वाटायचं ती विसरली. किती मूर्ख मी.
"आता लिही," म्हणाली.
लिहिलं: "श्रीमती यमुनाबाई का दाहिना हाथ। पति ने तोड़ा, पति ने ढाला।"
बाबू खालच्या आवाजात म्हणाले, "बहनजी, इस पर वारिस के नाते भैया के दस्तख़त लगेंगे।"

बुधवार, ३१
ट्रक दुपारी निघतो. यादी माझ्याकडे. दादा दहाला सहीला येणार, त्याने अजून वाचलेली नाही. आईला म्हटलं, तो फाडून टाकेल, मला मारेलही.
म्हणाली, "मारायला लागला तर मी मध्ये पडेन, आता पडेन. फाडली तर तू दुसरी लिही."
पावणेदहा. कोरे कागद काढून ठेवलेत.