मर्लचं फोमचं हरीण

ट्रेंटन, न्यू जर्सी
३० डिसेंबर १९९७

ती. व्हर्जिलदादास,
इडाचा सा. न. वि. वि.

नाताळची पेटी पोचली. हरणाचं सुकं मटण यंदा छान मुरलंय.

काल तुझ्या सूनबाईचा फोन आला होता. नाताळच्या दुसऱ्या दिवशी तू पणजोबांची ठासणीची बंदूक घेऊन शिकारीला गेलास आणि शेजारच्या मर्लचं फोमचं हरीण लोळवलंस म्हणे. त्यावर तो बाणांचा सराव करतो, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. हसून हसून माझं पोट दुखलं, आणि मग काळजी वाटली. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगून वर्ष झालं, तू ऑपरेशनचं नाव काढत नाहीस. दादा, आता बंदूक तुझ्या मुलाकडे, डीनकडे देऊन टाक. हे मी चेष्टेत लिहीत नाही.

रागावलास तरी चालेल, अबोला नको.
तुझी इडा

कूडर्सपोर्ट, पेनसिल्व्हेनिया
६ जानेवारी १९९८

चि. इडास अ. उ. आ.

गोळी थेट छातीत बसली, हे सूनबाईनं सांगितलं का? आंधळ्याची बसते का अशी? मर्लनं ते हरीण झाडीत उभं केलं, त्यावर बर्फ साचू दिला, आणि चूक माझी. त्याला नवीन घेऊन दिलं, तरी जुन्याचं भोक तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत बसतो.

शस्त्र बाळगायचा हक्क मला घटनेनं दिलाय. दुसरी घटनादुरुस्ती तू चाळीस वर्षं पोरांना शिकवलीस, ती घरच्या माणसाला लागू नाही वाटतं? तुमच्या न्यू जर्सीत या बंदुकीलाही पोलिसांचा कागद लागतो. आमच्याकडे ती इतकी जुनी, की कायदा तिला बंदूक म्हणायलाच तयार नाही. पुढच्या वर्षीही जाणार.

मनात आकस नाही, तूही ठेवू नकोस.
तुझा व्हर्जिल

ट्रेंटन
१५ जानेवारी १९९८

ती. दादास सा. न. वि. वि.

शाळेचं काढलंस, तर धडा ऐक. १७९२ साली काँग्रेसनं कायदा केला, की गोऱ्या पुरुषांनी स्वतःची बंदूक आणि दारूगोळा घेऊन कवायतीला हजर व्हावं. आम्हा बायकांना कोणी विचारलं नाही, ते सोड. वयाची अट अठरा ते पंचेचाळीस. तू एकाहत्तरचा. म्हणजे त्या हिशोबानं तुला निवृत्त होऊन सव्वीस वर्षं झाली.

तुझा हक्क मी कशाला काढून घेऊ? पण नजर काही घटनेनं दिलेली नाही. मला एवढंच खरं सांग, चाप ओढताना तुला नक्की काय दिसलं?

उत्तराची वाट पाहते. माया आहे म्हणूनच भांडते.
इडा

कूडर्सपोर्ट
२६ जानेवारी १९९८

चि. इडास अ. उ. आ.

तुझं पत्र चार दिवस कोटाच्या खिशात होतं. मला हरीण दिसलं, बाकी काही नाही.

मर्लची बायको डोरिस त्या हरणामागे दहा पावलांवर होती. नाताळचं झाड पाखरांसाठी रानात टाकायला आली होती. अंगात भडक नारिंगी कोट होता, शिकाऱ्यांना मैलावरून दिसावा म्हणून घालतात तो. तो मला दिसला नाही. गोळी फोममध्ये अडकली, जवळ गेलो तेव्हा कुठे ती दिसली. तिनं मर्ललाही सांगितलं नाही, उलट दुसऱ्या दिवशी मला घरी भाजलेला ॲपल पाय आणून दिला. त्याला मी हातही लावला नाही. मला फार लाज वाटते, इडा.

ऑपरेशन एप्रिलात करतोय. डोळे सुधारले तरी ही बंदूक मला घरात नको, आणि डीनकडेही नको. मी दारात उभा राहिलो की तो देऊन टाकेल, बापाला नाही म्हणायची त्याची हिंमत नाही. तू पोलिसांकडे बोटांचे ठसे दे, तुमचा तो कागद कर आणि येऊन घेऊन जा. डिसेंबर आला की मी फोन करीन, घटना ऐकवीन, शिव्याही देईन. तू देऊ नकोस.

एवढं ऐकशील या भरवशावर,
तुझा दादा