कृत्तिका मोजायच्या आणि ऑपरेशन टाळायचं

३ जानेवारी, दुपार
नवी वही. नातीने दिली. ओळी फार पुसट छापल्यात, कंपन्यांना शाई परवडत नसेल. मी आपली ठसठशीत लिहिते. पानाला आठच ओळी बसतात. वह्याही छोट्या करायला लागलेत.

सकाळी सूनबाई डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मोतीबिंदू म्हणाले. दोन्हीकडे. उजव्याचं ऑपरेशन वीस तारखेला. भिंतीवरची खालची अक्षरं मला आली नाहीत, एवढ्यावरून! चौथीपर्यंत शाळा माझी, वरचं मोठं आलं हेच खूप. चाळीस वर्षं खालच्या टेलरमास्तरांच्या शर्टांची काजं मी करते. पुढे सहा, गळ्याला एक, शर्टाला सात. डोळे गेलेल्या बाईला जमेल का हे? डोळ्याला कोणाचा हात लावून घेणार नाही. पक्का ठराव.

तीच तारीख, संध्याकाळ
बसवत नाही. उठले, पाणी प्यायले, बसले, पुन्हा उठले.

नात कॉलेजात शास्त्र शिकते. तिने तोडगा काढला, गुणाची पोर. पूर्वी म्हणे कृत्तिकांवरून नजर पारखायचे. चांदण्यांचा एवढासा घोस असतो. साध्या नजरेला सहा दिसतात, तल्लख नजरेला सात. मी म्हटलं, लावा पैज. सहा मोजल्या तर ऑपरेशन रद्द. सून म्हणाली, आणि नाही मोजल्या तर, आई? म्हटलं, तर वीस तारखेला तुमच्या आधी चप्पल घालून दारात उभी राहीन. चौदा तारखेला गच्चीवर परीक्षा. फसली बिचारी.

५ जानेवारी, सव्वासात
सरावाला गेले. ढग. खाली आले. पुन्हा वर गेले. पुन्हा ढग. तीन फेऱ्या, छत्तीस पायऱ्या एका वेळेला. गुडघ्यांचं ऑपरेशन कोणी सुचवत नाही ते बरं.
रस्त्याच्या प्रत्येक खांबावर हल्ली चार-चार दिवे लावलेत. केवढी उधळपट्टी.

७ जानेवारी
आकाश स्वच्छ. नातीने माझी हनुवटी धरून मान वळवली, म्हणाली, तो बघ घोस, आजी. पण सरळ बघायचं नाही, जरा बाजूला बघायचं, म्हणजे जास्त दिसतं. मला हे पटलं. सासूबाईंकडे मी जन्मभर तसंच बघितलं, सगळं दिसायचं.

मग गोष्टी निघाल्या. त्या सहा कृत्तिकांनी कार्तिकेयाला दूध पाजलं. सगळ्या एकदम पुढे झाल्या, म्हणून त्याने सहा तोंडं केली, कोणी रुसायला नको. शहाणं बाळ. माझ्या चिरंजीवांना एक तोंड आहे, तेही मोबाइलमध्ये. दुसऱ्या कुठल्या देशात त्यांना सात बहिणी म्हणतात, मागे शिकारी लागलाय आणि एक बहीण हरवली आहे. शोधायला कोणी गेलं नाही का, विचारलं. नात हसतच सुटली.

शास्त्राचं असं, की तिथे शेकडो तारे आहेत, एकाच ढगातून जन्मलेले. वय दहा कोटी वर्षं, आणि तरी तरुण म्हणे! मग सत्तराव्या वर्षी मी म्हातारी कशी? त्यांचा उजेड इथे यायला चारशेवर वर्षं लागतात. म्हणजे मोजायचं तेही शिळंच. पुढे त्या पांगणार आहेत. ते ऐकून जीव हुरहुरला. उठून पुन्हा गच्चीवर जाऊन आले. होत्या.

८ जानेवारी
मोजल्या. नऊ! नातीला सांगितलं नाही. परीक्षेत तोंडात बोट घालू देत.

९ जानेवारी
सकाळी, नीट केलेले तीन शर्ट मास्तरांनी परत पाठवले. निरोप असा, की काकू, काजं जरा उतरणीला लागलीत. मी उलट निरोप धाडला, दोरा बदला, आणि सुया आणताना भोकं आहेत का ते बघत जा. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. कापडच तिरकं कापलं असणार. माणूस थकलाय.

१० जानेवारी
बारा.

१३ जानेवारी, साडेसात
चौदा. दोनदा मोजल्या. नजर दिवसेंदिवस सुधारते आहे, सरावाचा गुण. डॉक्टरना बोलावून दाखवायला हवं. उद्यासाठी सुनेला काय बोलायचं ते ठरवलं. मोठेपणाने बोलायचं. "होतं गं असं." एवढंच. पण झोप येईल असं वाटत नाही. घड्याळ पाच वेळा पाहिलं, प्रत्येक वेळी दोन-दोन काटे जास्तच दिसतात त्याला.

१४ जानेवारी
सगळे वर आले. चिरंजीव मोबाइल खाली ठेवून आला, मला भरून आलं. त्याने मोजल्या पाच. सुनेने सहा. नातीने सहा, सातवी आहे-नाही. मग मी. चौदा, म्हटलं. खणखणीत.
चिरंजीव म्हणाला, आई, कमाल आहे! मी तोंड उघडलं, "होतं गं" म्हणायला. एवढ्यात नात म्हणाली, आजी, तिकडे चंद्राची कोर आहे, ती कशी दिसते?
मी म्हटलं, छान. तिन्ही छान आहेत, कापलेल्या नखांसारख्या.
सून हसली नाही. त्याचंच जास्त लागलं. शालीचं टोक माझ्या खांद्यावर ओढून म्हणाली, आई, वाऱ्यात नका उभ्या राहू, चला.
तिघांना एकच दिसतो म्हणे. मी आपली वर्षभर समजत होते, असतील.

२० जानेवारी
चप्पल घालून दारात पहिली मीच होते. शब्द म्हणजे शब्द.

१३ फेब्रुवारी
डॉक्टरांनी शिवणाला परवानगी दिली. या पानावर एकोणीस ओळी बसल्या. मागची पानं चाळली. ओळी मुळीच पुसट नाहीत.

काजांचं काम आणायला स्वतः दुकानात उतरले. मास्तर ब्लेडने काजं उसवत बसले होते. दोरा माझा. शेवटची गाठ मी डावीकडे घेते, लगेच ओळखली. काजं कुठली, कोंबडीने ओल्या सिमेंटवर पाय उमटवलेले. किती दिवस करताय हे, विचारलं. म्हणाले, वर्ष झालं, काकू. दुपारी दुकान बंद ठेवून. म्हटलं, सांगायचं नाही का? म्हणाले, एकदा सांगितलं, तर तुम्ही दोरा बदलायला लावलात.
मी कपाटातल्या गुंड्या बघत उभी राहिले.

संध्याकाळी गच्ची. डावा डोळा झाकून, कृत्तिका सहा. चंद्र एक, एवढ्या मोठ्या आकाशात एकटाच. उजवा झाकून, चौदा आणि तीन. थोडा वेळ उजवा झाकूनच उभी राहिले. मग खाली येऊन सुनेला म्हटलं, डाव्याचीही तारीख घे. ती म्हणाली, होतं हं असं, आई.

मास्तरांनी दुपारी परीक्षेला म्हणून एकच शर्ट दिला होता. काजं करून देऊन आले. पट्टी लावून तपासलं त्यांनी, मी बाजूला बघत होते. पुढची सहा काजं सरळ. गळ्याचं सातवं पुन्हा करायला सांगितलंय.