दिवाणाखालची टेप

जठारपेठ, अकोला
८ नोव्हेंबर २०२४

ती. सिंधूआत्यास,
जुईलीचा सा. न. वि. वि.

भाऊबीजेच्या संध्याकाळी आम्ही सुखरूप पोचलो. मूर्तिजापूर येईपर्यंत निधीने तुझे सगळे अनारसे संपवले आणि पुढे पोट दुखतंय म्हणून गळा काढला. तुझ्या कानाचं यंत्र फोनवर शिट्ट्या मारतं, म्हणून पत्रच लिहायला बसले. पियुष म्हणतो, टपाल खातं आता तुम्हा आत्या-भाचीच्या जिवावर चाललंय.

पाडव्याला तू यंदाही मृत्युपत्र वाचलंस ते मला मुळीच आवडलं नाही. आतोबा वकील होते, जेवणं झाली की सगळ्यांसमोर कागद वाचून कुणाला काही म्हणायचंय का, असं विचारायची पद्धत त्यांनी पाडली. ते गेल्यावर तू कशाला चालवतेस? तुझ्यामागे घर मला आणि मागची खोली रुख्मिणीबाईंना त्या असेपर्यंत, हे ऐकताना दरवर्षी माझे डोळे भरून येतात. आम्हाला घर नको, तू हवीस.

रुख्मिणीबाईंना म्हणावं, तुझ्यावरची दादागिरी जरा कमी करा. थंडी सुरू झाली आहे, स्वेटर घालत जा. आहे तो लोभ वाढू दे.

तुझी,
जुईली

---

साईनगर, अमरावती
१६ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. जुईलीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अनारसे मीच बांधून दिले होते, तेव्हा निधीच्या पोटदुखीचं पाप माझ्या माथी. चांदूर बाजारहून संत्री आली आहेत. तिकडे कुणी येणारं असेल तर पाठवीन.

एक गंमत सांगते. दिवाणाखाली झाडताना रुख्मिणीला एक स्टीलची टेप सापडली. तीवर पियुषरावांच्या क्लासचं नाव चिकटवलेलं आहे. रुख्मिणी म्हणे, बाई, पाडव्याच्या दुपारी तुमी झोपल्या होत्या तवा जुईताई अन् जावईबापू हॉल मोजून राहिले होते, माह्या खोलीतबी टेप लावली. मी तिला म्हटलं, अगं, जुईच्या मनात मला पडदे शिवून द्यायचे असतील. तर म्हणते, पडदे खिडकीले लावतेत का फरशीले? तिच्या तोंडी लागण्यात अर्थ नाही.

आता माप निघालंच आहे तर पुरतं असावं, म्हणून तिच्याकडून खिडक्यांची मापं घेऊन सोबत चिठ्ठी पाठवते आहे. दिवाणावरच्या खिडकीचं तेवढं राहिलं. तिथे तिचा हात पुरत नाही आणि मला ती स्टुलावर चढू देत नाही. रंग तुझ्या पसंतीचा घे, फक्त मळखाऊ हवा.

पियुषरावांना नमस्कार, निधीला गोड पापा. माझी माया आहे तिथेच आहे.

तुझी,
सिंधूआत्या

---

अकोला
२४ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. न.

तुझं पत्र वाचून आधी मला हायसं वाटलं, हे सांगायलाच हवं. आत्याला कळलं नाही, सुटलो, असं मी पियुषला म्हणाले. खोटं पक्कं व्हावं म्हणून त्याच दिवशी गांधी रोडला पडद्याचं कापड बघायला गेले. दुकानदाराने मापं विचारली तशी तुझी चिठ्ठी पुढे केली. तुझ्या त्या शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, देवघर, स्वयंपाकघर, जुईची खोली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तरी तू अजून तिला जुईची खोली म्हणतेस. कापड न घेताच मी परत आले.

आत्या, पडदे नव्हते. पियुषला क्लासची शाखा अमरावतीत काढायची आहे. हॉल आणि मागची खोली यांच्यामधली भिंत पाडली तर किती बाकं बसतील, ते आम्ही बघत होतो. आम्हाला घर नको, तू हवीस, म्हणून मी डोळे पुसले आणि तुझा डोळा लागल्याबरोबर तुझ्याच दिवाणाखालून टेप सरकवली. रुख्मिणीबाई धडधाकट असताना त्यांच्या खोलीत बाकं मांडून मोकळी झाले. पियुषवर ढकलणं सोपं आहे, पण अकोल्याहून निघतानाच टेप माझ्या पर्समध्ये होती.

मला फार लाज वाटते आहे. लहानपणी शाळेला सुट्टी लागली की तुझ्याकडे धावत येणारी मुलगी ती हीच का, असं वाटतं. त्या कागदावरून माझं नाव काढून टाक. लोभ असावा असं लिहायला आज माझा हात धजत नाही.

जुईली

---

अमरावती
३ डिसेंबर २०२४

चि. जुईस,
आशीर्वाद. ते काही मी मागे घेतलेले नाहीत.

मी झोपले नव्हते गं. यंत्र काढून ठेवलं होतं, त्यामुळे तुम्ही काय बोललात ते ऐकू आलं नाही, पण डोळे किलकिले होते. दिवाणावरून खाली आलेला माझा पाय तुझ्या टेपच्या आड येत होता. तू थांबलीस. मग मी झोपेत कूस बदलल्यासारखं करून पाय वर घेतला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तुझ्याशी नजरानजर झाली असती तर मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

पडद्यांचं सांगितलं ते रुख्मिणीने तुला नावं ठेवू नयेत म्हणून. त्यात तुला एक चिमटाही होता, खोटं कशाला बोलू?

पण मी तरी कुठे धुतल्या तांदळासारखी आहे? तुझे आतोबा कागद वाचत ते पुढे भांडणं होऊ नयेत म्हणून. मी वाचत आले ते तुम्ही दिवाळीला यावं म्हणून. मुलाला खाऊ दाखवून जवळ बोलवावं, तसं दर पाडव्याला मी हे घर दाखवलं. मग मुलाने खाऊकडे पाहिलं तर रागावू कोणत्या तोंडाने? रुख्मिणीच्या खोलीचं मात्र मला फार लागलं. तिची माफी समोर येऊन माग. पत्र वाचून दाखवायला मी मध्ये पडणार नाही.

कागद आता पाकीट बंद करून वकिलांकडे दिला आहे. तुझं नाव ठेवलं की काढलं, ते सांगणार नाही. पुढच्या पाडव्याला वाचन नाही, जेवण आहे. यावंसं वाटलं तर ये.

वाट पाहणारी,
आत्या

---

अकोला
१२ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून पियुषने पहिल्यांदा हेच विचारलं, की नाव ठेवलंय का. तुला फोन करून विचारून टाकावं, असं क्षणभर माझ्याही मनात आलं. इतकं सगळं होऊनही आलं, याची आणखी लाज वाटली. नाही विचारणार. पियुषला मी तसं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला की रुख्मिणीबाईंसमोर तू एकटी उभी राहू नकोस, मीही येतो. त्या जे ऐकवतील ते आम्ही ऐकून घेऊ.

पडदे शिवून झाले. कापड मळखाऊ आहे आणि शिलाई माझ्या हातची, तेव्हा टाके फार जवळून पाहू नकोस. दिवाणावरच्या खिडकीचा तेवढा राहिला आहे. त्याचं माप घ्यायला संक्रांतीला येते. टेप तुझ्याकडेच असू दे.

स्टुलावर मी चढेन. तू मात्र जागी राहा आणि टेपचं खालचं टोक धर.

तुझीच,
जुई