वाणात गेलेली पुस्तकं

१० जानेवारी
काजलच्या लायब्ररीत आज एक मास्तर आला म्हणे! पुस्तकासाठी नाई — डबा खायले.

काजल म्हणजे माह्यी नात. बोरगाव मेघेच्या हायस्कुलात लायब्ररीची बाई झाली. मले चौथीही धड नाई झाली, अन् नात दोन कपाटं पुस्तकांची मालकीण! भाजीवालीलेही सांगून झालं. पण न्यायले येते कोण? पोट्ट्यांले मोबाईल, मास्तरांले त्याहून मोठा मोबाईल. पोरीनं रंगीत कागद चिकटवले, वर्गावर्गात जाऊन सांगितलं, "पुस्तकं न्या." गणिताच्या सुलोचनाबाईनं विचारलं, "तिथं पंखा आहे का वं?" वाचनाची भारी आवड!

१३ जानेवारी
काजल जेवली नाई. हेडमास्तर वासुदेवराव तिले म्हणे, "या महिन्यात एक जरी माणूस आपल्या पायानं येऊन दुसरं पुस्तक मागन, तर लायब्ररी राह्यते. नाईतर त्या खोलीत खिचडीच्या तांदळाचे कट्टे." खोली गेली की नोकरीही गेली.

मीच म्हटलं, "संक्रांत आहे. लायब्ररीतच हळदीकुंकू ठेव, वाण म्हणून पुस्तक दे. वाणाले कोणती बाई नाई म्हणते?"

आमचे मालक नत्थूजी पेपरातून बोलले, "तुह्यं डोकं म्हणजे —" पुढचं गिळलं. शहाणे आहेत.

१६ जानेवारी
झालं हळदीकुंकू! झाडून सगळ्या मास्तरणी आल्या, काळ्या साड्या नेसून. पंख्याचं कोणी विचारलं नाई! तिळगूळ संपला, एक कपाट रिकामं झालं. सुलोचनाबाईनं दोन उचलली, तीही जाड पाहून — जसं काही वजनावर मिळते. मी तर हवेत!

२१ जानेवारी
फजिती! काजलनं पुस्तकं परत मागतली. मास्तरणी तिच्याकडेच पाहात राह्यल्या. "वाण कुठं परत करतेत का वं?"

बरोबर आहे. कोणीच करत नाई. मलेच काऊन सुचलं नाई?

अन् पुढची मजा! रविवारी सुलोचनाबाईच्या घरी हळदीकुंकू झालं. वाण काय वाटलं? शाळेचीच पुस्तकं, शिक्क्यासकट! बाकीच्यांनीही तेच केलं. पगार एवढाले, अन् वाण फुकटचं! आता पुस्तकं फिरत फिरत नालवाडीपर्यंत गेली. कोणाच्या देव्हाऱ्यात आहेत, कोणाच्या फ्रीजवर.

२४ जानेवारी
हेडमास्तरनं पोरीले सगळ्यांसमोर झापलं. "लायब्ररी वाटून टाकली काय? झेंडावंदन झालं की मंगळवारी खोली खाली कर."

काजल रडून राह्यली. "आजी, तू काऊन सांगितलं वं?" नत्थूजी पेपरात तोंड खुपसून बसले. बोलले असते तर बरं झालं असतं.

२७ जानेवारी
कट्टे दारात उतरले होते. त्यातून वाट काढत एक बाई आत आली — कोकिळाबाई, हेडमास्तरचीच बायको! हातात शिक्क्याचं पुस्तक, कोणाच्या तरी घरून वाणात आलेलं. काजलले म्हणे, "हे वाचून झालं पोरी. दुसरं दे."

मागं हेडमास्तर उभा, कुलूप हातात घेऊन. त्याले म्हणे, "सरका जी, उजेड अडवला तुम्ही."